चावऱ्या कुत्र्याला खाली येऊ द्या

गृहनिर्माण संस्थांच्या अध्यक्ष-सचिवांना खुले पत्र

महोदय, महोदया,



सोसायटीत कुत्रा कुणाला चावला की पुढे काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. व्हॉट्सॲपवर जखमेचा फोटो येतो. पाठोपाठ कुणीतरी भलत्याच शहरातला जुना व्हिडिओ टाकतं. रात्री क्लब हाऊसमध्ये कमिटीची तातडीची बैठक बसते आणि सकाळी नोटीस बोर्डावर कागद लागतो, की पाळीव कुत्र्यांना लिफ्ट, बाग व पोडियमवर सक्त मनाई आहे. खाली शिक्का, सचिवांची सही.

मी स्वतः एका संस्थेची सचिव होते. सही करताना मानेवर किती लोकांचा श्वास असतो ते मला ठाऊक आहे. आता मी अंगावर धावून जाणाऱ्या कुत्र्यांना फिरवण्याचं आणि त्यांच्या मालकांना ते शिकवण्याचं काम करते. त्यामुळे तो कागद लागल्यावर बंद दाराआड काय घडतं, तेही पाहायला मिळतं. त्या अनुभवावरून सांगते, चावऱ्या कुत्र्याचं फिरणं बंद केल्याने तुमची इमारत सुरक्षित होत नाही, तिचा धोका वाढतो. कुत्रेवाल्यांवर मेहेरबानी म्हणून या फिरण्याकडे पाहू नका. फायर एक्स्टिंग्विशर आणि वॉचमनच्या पगारासारखाच तो सुरक्षेचा खर्च आहे, आणि त्यात संस्थेचा एक पैसाही जात नाही.

हे पत्र पाळीव कुत्र्यांपुरतंच आहे. भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या आदेशांपासून देशभर वाद चालू आहे. तो विषय निराळा आहे आणि तो इथे मिसळला तर दोन्हींचा विचका होईल.

गॅलरीतली शिकवणी

एक नेहमीचं घर घेऊ. तिसरा मजला, टू बीएचके, अडीच वर्षांचा जर्मन शेफर्ड. आधी खाली एका मुलीच्या अंगावर धावला म्हणून तक्रार झाली, मग लिफ्ट बंद झाली. घरात आजीला गुडघेदुखी, मालकाची ऑफिसची शिफ्ट, जिन्यावरून चाळीस किलोचा कुत्रा उतरवायचा कोणी? त्याची रवानगी ग्रिल लावलेल्या गॅलरीत होते. रात्री अकराला सगळे झोपले की जिन्याने खाली, पार्किंगच्या कोपऱ्यात शी-शू, आणि पाच मिनिटांत वर.

आता गॅलरीत दिवसभर काय चालतं ते बघा. सकाळी दूधवाला येतो, कुत्रा ग्रिलवर पंजे टाकून भुंकतो, दूधवाला जातो. कचऱ्याची गाडी येते, तो भुंकतो, गाडी जाते. कुरिअरवाला, इस्त्रीवाला, शाळेची व्हॅन, समोरच्या विंगमधला पग. प्रत्येक जण आपापलं काम संपवून जातो, पण कुत्र्याच्या हिशेबात त्याने प्रत्येकाला पिटाळलेलं असतं. दिवसाकाठी अशा बऱ्याच लढाया तो जिंकतो. अशी शिकवणी महिनोन् महिने चालल्यावर एखाद्या दुपारी दार उघडं राहतं आणि कुरिअरवाला समोरासमोर येतो. मग कुत्रा चावतो, आणि सगळे म्हणतात, 'अचानक चावला.'

अचानक काही झालेलं नसतं. कुत्रा चावण्याआधी बरंच काही सांगत असतो. तो तोंड फिरवतो, जांभई देतो, ओठ चाटतो, अंग आखडतो, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसू लागतं, मग गुरगुरतो. गुरगुरण्यावर चापट मारली की तो गुरगुरणं सोडतो. चावणं सोडत नाही. घरच्यांनीच इशारा पुसून टाकलेला असतो. पुष्कळ कुत्र्यांमध्ये या सगळ्याच्या मुळाशी भीती असते. ज्याला मागे सरकायला जागा नाही, तो पुढे येतो. साखळीला बांधलेल्या, लिफ्टच्या कोपऱ्यात दाबलेल्या, गॅलरीत कोंडलेल्या कुत्र्याकडून मागे सरकण्याचा पर्यायच आपण काढून घेतलेला असतो.

आणि या सगळ्याची किंमत कोण मोजतं? गृहसंकुलात कुत्र्याच्या तावडीत सर्वांत आधी सापडतात त्या घरकामाच्या ताई, वॉचमन, पार्सलवाली मुलं आणि खाली खेळणारी लहानगी. त्यातल्या कुणालाच तुमच्या सर्वसाधारण सभेत मत नसतं.

कायदा काय म्हणतो

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. त्याचं कलम ११ बहुतेकांना मारहाणीच्या संदर्भात माहीत असतं. पण त्याच कलमात, पोटकलम (१) च्या खंड (g) मध्ये, एक वेगळा गुन्हा लिहिलेला आहे. नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने वाजवी व्यायाम न देणं, ही त्या कायद्याने क्रूरता आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आजच्या काळात त्या रकमेला हसू येईल, पण तत्त्व बघा. कुत्र्याला फिरवणं हा मालकाचा शौक नाही, ती त्याची कायदेशीर जबाबदारी आहे, हे आपल्या संसदेने साठच्या दशकाच्या उंबरठ्यावरच लिहून ठेवलं.

दुसरा कागद भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचा. फेब्रुवारी २०१५ मध्ये मंडळाने रहिवासी संघटनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही, हे त्यात आहेच. बागेत बंदी घालणं अदूरदर्शीपणाचं आहे, पुरेसा व्यायाम मिळालेला प्राणी शांत राहतो, हेही त्यात आहे. इतरांना त्रास होऊ नये म्हणून वेळा ठरवून घेण्याचा मार्गही तिथेच सुचवला आहे.

तिसरी बाजूही तेवढीच पक्की आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीची शक्यता असताना निष्काळजीपणा केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा 'आमचा शेरू कुणाला काही करत नाही' म्हणत पट्टा न लावता कुत्रा सोडणाऱ्याची मी मुळीच वकिली करत नाही. त्याला नोटीस द्या. पण जो कुत्रा कधीच खाली येत नाही, त्याच्या मालकालाही द्या. पहिली नोटीस सगळ्या सोसायट्या देतात. दुसरी दिलेली मी अजून पाहिली नाही.

जातीवर खापर फोडणंही सोपं असतं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जातींची आयात, विक्री आणि पैदास थांबवायला सांगितलं. एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. मोठ्या जबड्याचा कुत्रा जास्त इजा करतो हे खरं आहे आणि तो पाळणाऱ्याची जबाबदारी त्या मानाने जास्त आहे. पण कोणत्या जातीचा आहे, एवढ्यावरून तो दिवस कसा काढतो हे कळत नाही. सांगली-कोल्हापूरच्या माळावर सशामागे धावण्यासाठी वाढवलेला कारवान जातीचा कुत्रा जर पुण्यात सहाशे चौरस फुटांत ठेवला आणि दिवसाला पाच मिनिटं बाहेर काढला, तर तो बिघडायला पिटबुल असण्याची गरज नाही.

फिरवणं कशाला म्हणायचं

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे फिरवतात की! त्यातलं पुष्कळसं फिरवणं निरुपयोगी असतं, काही तर अपायकारक.

पुण्यात सकाळी दिसणारं एक दृश्य म्हणजे मालक ॲक्टिव्हावर, एका हातात पट्टा, बाजूला जीभ काढून धावणारा कुत्रा. 'दमला की शांत होतो' हे त्यामागचं तर्कशास्त्र. दमतो हे खरं. पण त्या धावण्यात त्याला थांबता येत नाही, वास घेता येत नाही, नको त्या गोष्टीपासून लांब जाता येत नाही, आणि समोरून दुसरा कुत्रा आला तर गाडीसकट तिघांचाही जीव धोक्यात. दोन महिन्यांनी हातात उरतो तो तितकाच रागीट, पण दमसासाने तयार झालेला कुत्रा. तासभर चेंडू फेकत राहण्याचंही तसंच. प्रत्येक फेकीला तो आणखी चेकाळतो आणि चेकाळलेला कुत्रा शांत कुत्र्यापेक्षा लवकर चावतो.

दुसरं दृश्य गळ्यात आवळणारी साखळी आणि दर दोन पावलांना झटका. 'तो बॉस व्हायला बघतोय, त्याला खाली दाबला पाहिजे,' असं सांगणारे प्रशिक्षक अजून भरपूर आहेत. या समजुतीचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सापडतं. तो पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचा होता. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेच यांच्या १९७० च्या पुस्तकाने कळपाच्या 'अल्फा'ची, म्हणजे म्होरक्याची, कल्पना जगभर पोचवली. पुढे जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर १९९९ मध्ये मेच यांनीच लिहिलं की, नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथे गादीसाठीची मारामारी नसते. ती जगभर पोचवणाऱ्या लेखकानेच सोडून दिलेली कल्पना आपण मात्र साखळीच्या टोकाला धरून बसलो आहोत. कुत्र्याचा हिशेब सरळ असतो. समोर दुसरा कुत्रा दिसला की मान आवळते, म्हणजे दुसरा कुत्रा वाईट. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली ही गत.

उपयोगाचं फिरणं कसं असतं ते सांगते. पहाटे साडेपाच, सोसायटीमागची गल्ली. छातीवर बसणारा हार्नेस, पाच मीटरचा लांब पट्टा, तोंडाला जाळीचं मझल. मझल असं हवं की त्यातून कुत्र्याला तोंड उघडून धापता येईल, पाणी पिता येईल, खाऊ घेता येईल. तोंड बांधून टाकणारी कापडी पट्टी उन्हात जिवावर बेतू शकते. कुत्रा विजेच्या डबीपाशी थांबतो आणि हुंगत राहतो. माणसाला वाटतं, वेळ फुकट गेला. पण त्या डबीवर रात्रीतून कोण कोण येऊन गेलं ते तो वाचत असतो, आणि हुंगताना त्याचा श्वास, चाल, खांदे सगळं सैल पडत जातं. म्हणून त्याला ओढायचं नाही. वेग त्याचा, रस्ता आपला.

गल्लीच्या टोकाला दुसरा कुत्रा दिसतो. माझी नजर आपल्या कुत्र्याच्या तोंडावर असते. इतका वेळ उघडं असलेलं, धापणारं तोंड खटकन मिटतं. कान पुढे, भार पुढच्या पायांवर. हीच वेळ. अजून तो भुंकलेला नाही. खिशातला उकडलेल्या चिकनचा तुकडा पुढे. त्याने खाल्ला, तर अंतर बरोबर आहे. हिसकावून घेतला तर आपण जरा जवळ आहोत. तुकड्याकडे बघितलंच नाही तर फार जवळ आहोत आणि आता शिकवण्याची वेळ गेली, वळायचं आणि लांब जायचं. समोरचा दिसला की चिकन, दिसेनासा झाला की चिकन बंद. काही आठवड्यांनी असा दिवस येतो की दुसरा कुत्रा दिसताच तो भुंकण्याऐवजी मान वळवून माझ्या खिशाकडे बघतो. या पद्धतीत जादू नाही. घंटा आणि लाळेचा पाव्हलॉव्हचा प्रयोग शाळेत आपण सगळ्यांनी वाचलेला आहे, तोच गल्लीत वापरायचा. घरी आल्यावर तो अंग झाडतो, पाणी पितो, झोपतो. हा थकवा गाडीमागे धावल्याचा नसतो.

काही गोष्टी पटकन सांगून टाकते. एका दिवशी फटाके, व्हॅक्सिन, पाहुणे असं सगळं एकदम झालं असेल तर दुसऱ्या दिवशी गर्दीत नेऊ नये, कारण ताण एकावर एक साठत जातो आणि लगेच उतरत नाही. एप्रिल-मेमध्ये डांबराला हाताची मागची बाजू काही सेकंद लावून बघावी, आपल्याला सोसत नाही ते पंजांनाही सोसत नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना उन्हात अजिबात पळवू नये.

फिरण्याने काय होत नाही

इथे मी हात आखडता घेते. फिरणं रामबाण नाही. आजवर शांत असलेला कुत्रा एकाएकी चावरा झाला, तर आधी पशुवैद्य गाठावा. सांधे, कान, दात, काहीही दुखत असू शकतं आणि दुखणाऱ्या कुत्र्याला जास्त चालवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. काही कुत्र्यांना वर्तनावरच्या औषधांची जोड लागते. काहींनी गंभीर चावे घेतलेले असतात, त्यांना जन्मभर मझल आणि निर्मनुष्य वेळच योग्य. 'आता सुधारला' असं म्हणून त्यांना मुलांच्या घोळक्यात न्यायचं नसतं. आणि ज्याच्या हातून कुत्रा ओढून सुटतो अशा माणसाच्या हाती, मग ती घरातली शाळकरी मुलगी असो की नवखा डॉग वॉकर, असा कुत्रा देऊच नये. चार-पाच कुत्रे एकत्र नेणाऱ्या वॉकरकडे तर नाहीच नाही.

ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते, त्यांची चेष्टा करणारे मालकही मी पाहते. ज्याला लहानपणी कुत्रा चावला आहे त्याला 'घाबरू नका, काही करत नाही' हे वाक्य ऐकवण्यात काय अर्थ? रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं, त्यामुळे ही भीती वेडगळ नाही. भीती वाटणाऱ्याला कुत्रा समोर येणार नाही अशी वेळ आणि वाट मिळणं, हा त्याचा हक्क आहे. कुत्र्यालाही नेमकं तेच हवं असतं. दोघांना एकमेकांपासून अंतर हवं आहे आणि ते आखून देणं फक्त तुमच्या हातात आहे.

म्हणून एवढं करा

पुढच्या सर्वसाधारण सभेत हे मुद्दे विषयपत्रिकेवर घ्या.

१. लिफ्टबंदीचे ठराव मागे घ्या. त्याऐवजी एक साधा नियम लिहा : कुत्रा आत असेल तर दुसऱ्याने पुढच्या लिफ्टने जावं आणि माणूस आत असेल तर कुत्रेवाल्याने थांबावं. दार उघडण्याआधी कुत्रा मालकाच्या मागे, भिंतीच्या बाजूला असला पाहिजे.

२. पहाटे आणि रात्री उशिरा अशा दोन वेळा आणि एक कडेचा रस्ता ठरवून द्या. मुलांच्या खेळाची जागा आणि वेळ त्यातून पूर्ण वगळा. ज्यांना कुत्रे नको आहेत त्यांना त्या वेळा आधी माहीत असू द्यात.

३. महापालिकेचा परवाना आणि रेबीज लसीचा दाखला प्रत्येक मालकाकडून दरवर्षी मागा. मागताना फाइलला लावण्यापुरतं मागू नका, तारीख बघा.

४. जो कुत्रा कुणावर धावला किंवा चावला आहे, त्याच्या मालकाला बोलावून लेखी आराखडा घ्या : पशुवैद्याची तपासणी कधी झाली, कोण फिरवणार, केव्हा, कोणत्या पट्ट्याने, मझलची सवय कधीपर्यंत लावणार. मझलची सक्ती तुम्ही करू शकत नाही, पण आग्रह करू शकता. मझल घातलेल्या कुत्र्याकडे आरोपी म्हणून बघणं सोसायटीने थांबवलं, तर ते घालायला मालकही तयार होतात.

५. गॅलरीत दिवसभर भुंकणाऱ्या, कधीच खाली न दिसणाऱ्या कुत्र्याची तक्रार आवाजाची म्हणून नोंदवू नका. कलम ११ चा हवाला देऊन मालकाला विचारा, याला रोज कोण आणि किती वेळ फिरवतं?

६. नोटीस बोर्डावरच्या मनाईच्या जागी दुसरा कागद लावा : कुत्रा चावल्यास जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवावी, हळद-चुना काही लावू नये, त्याच दिवशी दवाखान्यात जावं, आणि डॉक्टरांनी सांगितलेली सगळी इंजेक्शनं पूर्ण करावीत. हा कागद वॉचमनच्या केबिनमध्येही हवा, आणि त्याला वाचता येईल अशा भाषेत हवा.

महापालिकांकडेही एक मागणी आहे, पण ती तुमच्यामार्फत गेली तरच ऐकली जाईल. शहरातल्या बहुतेक सार्वजनिक बागांच्या फाटकावर कुत्र्यांना मज्जाव आहे. टेकड्यांवर सोडावं तर तिथे मोर, ससे आणि सकाळी फिरणारे ज्येष्ठ. मग एवढ्या परवानाधारक कुत्र्यांनी जायचं कुठे? प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत उंच कुंपणाचा एखादा छोटा भूखंड हवा आणि तो वेळ ठरवून एका वेळी एकाच कुत्र्याला मिळायला हवा. रागीट कुत्र्याला इतर कुत्र्यांच्या जत्रेत सोडून उपयोग नसतो. त्याला पट्ट्याशिवाय अर्धा तास एकट्याने धावायला मिळालं तरी पुष्कळ. वॉर्डातल्या दहा सोसायट्यांच्या लेटरहेडवर अशी मागणी गेली, तर नगरसेवकाला ती बाजूला सारणं जड जाईल.

यातलं काहीही न करण्याचा पर्यायही तुमच्याकडे आहेच. बंदीचा कागद तसाच राहील, तो कुत्रा तसाच ग्रिलवर पंजे टाकून भुंकेल, आणि ज्या दिवशी दार उघडं राहील त्या दिवशी पुन्हा तातडीची बैठक होईल. त्या बैठकीत कोणीतरी विचारेलच, की आपण वेळीच काय केलं. तेव्हा इतिवृत्तात दाखवायला ठराव असेल, तर तो बंदीचा नसून फिरण्याच्या वेळापत्रकाचा असावा, एवढीच विनंती.

कळावे,

आपली,
पुण्यातली एक माजी सचिव, आताची श्वानप्रशिक्षक